नम्र राहा, पण कोणापुढे?

गेल्या वर्षी आमच्या मंडळीच्या वार्षिक सभेत मी एक प्रश्न विचारला. छताच्या दुरुस्तीसाठी दोन वर्षं वर्गणी जमा होत होती आणि छत गळतच होतं, तेव्हा हिशेब कुठे आहे, एवढंच. आवाजही चढवला नव्हता. पंचांपैकी एक काका उठले, चष्मा काढला आणि म्हणाले, "बेटा, ख्रिस्ती माणसाच्या अंगी नम्रता हवी." शेजारी बसलेल्या आईनं माझी ओढणी ओढली. सभा संपल्यावर मी काकांकडे जाऊन माफी मागितली. हिशेब अजून मिळालेला नाही.

त्या माफीची मला आजही लाज वाटते.

'नम्र राहा' हे तुम्ही चर्चमध्ये कोणाला सांगितलेलं ऐकलंय, जरा आठवून बघा. सुनांना. तरुण संघातल्या मुलांना. नव्यानं आलेल्या, मागच्या बाकावर बसणाऱ्या कुटुंबाला. पंचकमिटीला किंवा पाळकसाहेबांना कोणी तोंडावर सांगितल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. उपदेश वरून खाली येतो आणि नम्रता खालून वर जाते. माझं भांडण या दिशेशी आहे.

कारण ज्या गोष्टीवर ही शिकवण उभी आहे, तिची दिशा नेमकी उलटी आहे. योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय काढा. जेवणावरून गुरू उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. शिष्यानं गुरूचे पाय धुतले असते तर ती गोष्ट कोणी लिहूनही ठेवली नसती. त्यात नवल काय? पेत्र दचकतो, कारण वाकणारा माणूस चुकीचा आहे. आणि त्याच शुभवर्तमानात पाच अध्याय पुढे, प्रमुख याजकासमोर एक शिपाई येशूला थोबाडीत मारतो, तेव्हा हाच पाय धुणारा माणूस गप्प बसत नाही. माझं काय चुकलं ते दाखव, नाहीतर मारलंस का, असं विचारतो. पौलाचंही तेच. फिलिप्पैच्या अधिकाऱ्यांनी त्याला चौकशी न करता फटके मारून तुरुंगात टाकलं आणि सकाळी गुपचूप सोडायचा निरोप धाडला. तो हलला नाही. त्यांनी स्वतः यावं, म्हणाला. ते आले. आमच्या काकांनी त्यालाही नम्रता शिकवली असती.

आपल्याकडचं उदाहरण तर ठसठशीत आहे. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. त्या पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकवू-शिकू लागल्या आणि पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायची गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी विचारलं, माझ्या आयुष्याचे निर्णय हे कोण घेणार? धर्ममतांवरही त्या प्रश्न विचारत राहिल्या. ज्या सिस्टर जेराल्डीनना त्या पत्रांत लाडानं आजीबाई म्हणायच्या, त्यांनीच त्यांच्यावर गर्वाचा ठपका ठेवला. तो पत्रव्यवहार पुस्तकरूपात आहे, जरूर वाचा. प्रेम खरं आहे, आणि तरी एका बाजूला आज्ञाधारकपणा म्हणजेच नम्रता असं गृहीत धरलेलं आहे. रमाबाईंनी सदसद्विवेक गहाण टाकला नाही.

आता हीच 'गर्विष्ठ' बाई केडगावात काय करते ते बघा. दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुली गोळा करते. ज्या विदुषीला कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हटलं, ती म्हातारपणी हिब्रू आणि ग्रीकशी झटत बायबल मराठीत आणते, आणि तेही कसं, तर खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला कळेल अशा साध्या भाषेत. छपाईचं काम मुक्ती मिशनच्या बायकाच शिकल्या. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, तोवर भाषांतर हातावेगळं झालं होतं. बिशपांपुढे ताठ आणि अक्षरओळख नसलेल्या बाईपुढे वाकलेली. मला हवी असलेली नम्रता ही.

आपल्या पिढीनं वेगळाच प्रकार काढलाय. प्रमोशन मिळालं की इन्स्टाग्रामवर 'हम्बल्ड अँड ब्लेस्ड', खाली हात जोडलेली इमोजी. हा निरुपद्रवी विनोद आहे, सोडून देऊ. बढाई मारायची असेल तर सरळ मारा, देव रागावणार नाही.

माझं स्वतःचं मात्र सोडता येत नाही. हा लेख लिहायला घेतला त्या रविवारी उपासनेनंतर चहा झाला. रिकामे कप खुर्च्यांखाली टाकून आम्ही सगळे, पंचकाका आणि मी बंडखोर धरून, गप्पा मारत उभे होतो. सफाई करणाऱ्या मावशी वाकून वाकून ते गोळा करत होत्या. गेली सहा वर्षं मी त्यांना बघतेय. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर कप उचलले. त्या अवघडल्या, "राहू द्या ताई" म्हणाल्या, अगदी पेत्रासारख्या. माझ्याहून वीस वर्षांनी मोठी बाई मला ताई आणि अहो-जाहो करते, आणि मी त्यांना आजवर 'मावशी, इथे पुस गं' म्हणत आले.

बोलता बोलता कळलं की त्यांचा बाप्तिस्मा याच चर्चमध्ये झालाय. छताची वर्गणीही त्यांनी दिलीये, दोन्ही वर्षं. मी विचारलं, मग सभेला का नव्हता? त्या म्हणाल्या, होते की. मागे चहा करत होते.

पुढची सभा जूनमध्ये आहे. चहा मी करणार असं मी सेक्रेटरींना कळवलंय. हिशेबाचा प्रश्न मावशी विचारणार आहेत, आणि आई म्हणतेय की दोघींनी मिळून तिची इज्जत घालवायचं ठरवलंय.