नोबेलचे पैसे चर्चच्या दगडांना?

गेल्या पावसाळ्यात आमच्या गावच्या कपेलाचं छप्पर गळायला लागलं आणि मीटिंगमध्ये वाद पेटला. वर्गणी छपराला घालायची, की गरजू मुलांच्या फीला? मी तावातावाने फीच्या बाजूने बोलले. आजीने एवढंच विचारलं, "मग मिस्सा काय तुझ्या कॉलेजात करूया?" सगळे हसले. नंतर मी ग्युंटर ब्लोबेल यांच्याविषयी वाचलं आणि माझी जरा पंचाईत झाली.

ब्लोबेल न्यू यॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातले पेशीशास्त्रज्ञ. पेशीत सतत प्रथिनं तयार होतात. त्यातलं कुठलं आत ठेवायचं, कुठलं बाहेर धाडायचं, हे ठरतं कसं? त्यांचे गुरू जॉर्ज पॅलेड यांनी बाहेर जाण्याचा रस्ता दाखवला होता, पण त्या रस्त्याला कोण लागणार हा प्रश्न उरलाच. १९७१ मध्ये डेव्हिड साबातिनींसोबत ब्लोबेलनी अंदाज मांडला, की पत्ता प्रथिनावरच लिहिलेला असतो. १९७५ मध्ये प्रयोगांनी त्याला बळ दिलं. प्रथिनाचं जे टोक आधी तयार होतं, त्यावर साधारण १५ ते ३० अमिनो आम्लांचा तुकडा असतो, तोच पत्ता. तो वाचून पेशी अर्धवट प्रथिनाला पडद्यापाशी नेते, पडद्यातल्या बोगद्यातून पलीकडे सरकवते आणि मग तो तुकडा कापून टाकते. पत्र पोचलं, पाकीट फाडलं! हे सगळं बायोटेकच्या मैत्रिणीने मला कँटीनमध्ये बिलाच्या मागे काढून दाखवलं. तिने एक आनुवंशिक आजारही सांगितला. त्यात काही रुग्णांच्या यकृतातलं एक एन्झाइम काम करू शकतं, पण पेशीतल्या चुकीच्या कप्प्यात जाऊन बसतं. तेवढ्यामुळे मूत्रपिंडात खडे होतात. साहित्याच्या विद्यार्थिनीला यापेक्षा चांगली शोकांतिका कोण देणार?

१९९९ मध्ये ब्लोबेलना नोबेल मिळालं, रक्कम जवळजवळ दहा लाख डॉलर. ती त्यांनी जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहराला दिली, मुख्यतः तिथलं फ्राउएनकिर्श हे प्रोटेस्टंट चर्च पुन्हा बांधायला आणि नवं सिनेगॉग उभारायला.

मैत्रीण म्हणाली, "संशोधनाला द्यायचे ना! दगडांना काय?" अगदी माझंच मीटिंगमधलं वाक्य.

पण १९४५ मध्ये आठ वर्षांचे ब्लोबेल घरच्यांबरोबर सायलेशियातून पळून येताना ड्रेस्डेनमधून गेले होते. ते चर्च त्यांनी उभं असलेलं पाहिलं. थोड्याच दिवसांनी, फेब्रुवारीत, बाँबहल्ल्याच्या रात्री त्यांनी लांबून लाल झालेलं आकाश पाहिलं. एप्रिलमध्ये रेल्वेवरच्या हवाई हल्ल्यात त्यांची १९ वर्षांची बहीण रूथ गेली. देणगी तिच्या आठवणीत होती. संशोधनाला पैसे देणारे बरेच असतात. हे पैसे त्यांनी दिले नसते, तर रूथच्या नावाने कोण देणार होतं?

दुसरा आक्षेप मला जास्त अवघड वाटतो. त्या चर्चचा ढिगारा पूर्व जर्मनीत कित्येक वर्षं युद्धाची आठवण म्हणून तसाच ठेवला होता. तो हटवून चकचकीत चर्च बांधलं, की काही घडलंच नाही असं दिसणार ना? पण बांधणाऱ्यांनी ढिगाऱ्यातले हजारो जुने दगड वापरले, आणि कॉम्प्युटरच्या मदतीने त्यातल्या कित्येकांची मूळ जागाही शोधली. जुने दगड काळे, नवे फिकट. त्यामुळे भिंत आजही ठिपक्याठिपक्यांची दिसते. लपवलेलं काही नाही.

आणि सिनेगॉग? ते विमानांनी पाडलं नव्हतं. नोव्हेंबर १९३८ मध्ये नाझींनी स्वतःच्याच शहरात ते जाळलं. ब्लोबेलनी फक्त चर्चला पैसे दिले असते, तर मी म्हटलं असतं, आपलं दुःख तेवढं डागडुजी करून घेतलं. आपल्यावर झालेलं आणि आपल्या लोकांनी केलेलं, दोन्हीकडे एकाच हाताने पैसे गेले, म्हणून मला ही देणगी पटते. आपल्याकडे प्रार्थनास्थळांसाठी भरभरून वर्गण्या निघतात. दुसऱ्याच्या प्रार्थनास्थळासाठी निघालेली मी अजून पाहिलेली नाही. आमच्या पॅरिशमध्येही नाही.

कपेलाला शेवटी नवी कौलं बसली. मीही दोनशे रुपये दिले. फीचा विषय मात्र "पुढच्या मीटिंगला बघू" म्हणून राहिला आहे. पुढची मीटिंग पुढच्या महिन्यात आहे आणि मी जाणार आहे.