बार हराम, मग धून कुणाची?

‘क्लब-बारमधलं संगीत म्हणजे चाळे!’ आमच्या कट्ट्यातही हे ऐकू येतं. दारू आम्हालाही हराम. पण मुंबईच्या ताजमध्ये ट्रम्पेट वाजवणाऱ्या गोव्याच्या चिक चॉकलेटचा, म्हणजे अँटोनिओ झेवियर वाझचा, गुन्हा काय? १९४९च्या दारूबंदी कायद्यानंतर क्लबांच्या मैफली उतरणीला लागल्या, अनेक वादक सिनेमाकडे वळले. १९५१च्या ‘अलबेला’त सी. रामचंद्रांच्या चालींवर वाझ आणि त्याचे साथीदार वाजवताना दिसतात. तीच गाणी शादीच्या बँडवर वाजली की आम्हीच ताल धरतो. तेव्हा फतवा कुठे जातो? पिण्याचा हिशोब पिणाऱ्याने द्यावा. वाजवणाऱ्याचं नाव का पुसायचं? आमच्या वर्गात वाझ कुणालाच ठाऊक नाही. सांगितलंय कुणी? आम्ही तरी कुठे सांगितलं?