विश्लेषण : सल्ला फोनवर आला, इन्सुलिनचे काय?

२५ मार्च २०२० रोजी देश बंद झाला. त्याच दिवशी केंद्राने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. टाइप-१ मधुमेह असलेल्या मुलांसाठी तो मोठा आधार होता. कारण त्यांचे इन्सुलिन थांबले की रक्तात कीटोन वाढून जिवावर बेतते.

‘इस्पॅड’ या मुलांच्या मधुमेहतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तेव्हा डॉक्टरांना आणि पालकांना बजावले : ताप आला तरी इन्सुलिन बंद करू नका, साखर व कीटोन वारंवार तपासा. उशिराची किंमत जर्मनीत दिसली. १३ मार्च ते १३ मे २०२० दरम्यान नव्याने निदान झालेल्या ५३२ मुलांपैकी २३८ जणांना कीटोन वाढल्याची गंभीर अवस्था होती. आधीच्या दोन वर्षांत हे प्रमाण सुमारे २४ टक्के होते.

वाशिमसारख्या आकांक्षित जिल्ह्यात मानोरा किंवा रिसोडच्या खेड्यातून मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाकडे जायचे, तर दिवसाची मजुरी बुडते. फोनवरचा सल्ला तो फेरा वाचवतो. पण औषध फोनमधून येत नाही. फ्रिज नसलेल्या घरात, वैशाखात, वापरातली कुपी ओल्या माठाच्या गारव्यात जपावी लागते.

म्हणून तज्ज्ञांचा फोन-सल्ला आता कायमचा व्हावा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातच इन्सुलिन व तपासणीच्या पट्ट्या मिळाव्यात. महामारी सरली, मुलांची रोजची सुई सुटलेली नाही.