दाभोळच्या धक्क्यावर एक दिवस

गेल्या महिन्यात एका लग्नासाठी गुहागरला गेलो होतो. परतण्याआधी एक दिवस मोकळा मिळाला. सकाळी धोपाव्याहून फेरीबोटीत बसलो आणि वाशिष्ठीची खाडी ओलांडून दाभोळला उतरलो. धक्क्यावर मासळीचा वास, नांगरलेल्या होड्या, जाळी दुरुस्त करत बसलेली माणसं. हे गाव एकेकाळी अरबस्तानाशी व्यापार करत होतं, हे कुणी सांगितल्याशिवाय कळणार नाही.

बहमनी आणि नंतर आदिलशाही काळात दाभोळ हे पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर होतं. परदेशी घोडे इथे उतरत. हिंदुस्थान पाहून मायदेशी निघालेला रशियन प्रवासी अफनासी निकितिन १४७० च्या दशकात इथूनच जहाजात चढला. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी दाभोळ जाळलं, तरी बंदर पुन्हा उभं राहिलं.

खाडीच्या काठावर सतराव्या शतकातली दगडी मशीद आहे. चार मिनार आणि मधोमध मोठा घुमट. जोहरनंतर तिच्या पायऱ्यांवर बसलो होतो, तेव्हा शेजारी बसलेल्या एका चाचांनी तिची कहाणी सांगितली. विजापूरची शहजादी हजला निघाली, दाभोळपर्यंत आली. पण समुद्रात चाच्यांचा धोका होता. जहाज सुटेना. मग सोबतच्या मौलवींच्या सल्ल्याने तिने हजसाठी आणलेली दौलत इथेच खर्च करून ही मशीद बांधली.

दंतकथा म्हणून सोडून दिली तरी त्यातला विचार शरीयतला धरूनच आहे. हज फर्ज होतो तो ऐपत असलेल्यावर, आणि वाट सुरक्षित असणं हाही त्या ऐपतीचाच भाग. वाट बंद झाली, तेव्हा शहजादी पैसा घेऊन परत गेली नाही. ज्या गावात अडकली, त्या गावाला तो दिला.

आपली वाट मात्र खुली आहे. मुंबईहून जेद्दाला जाणारी हजची जहाजं १९९५ मध्ये बंद झाली. आता विमानाने काही तासांत पोहोचतो. म्हणून आपण पुन्हा पुन्हा जातो. फर्ज हजबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पहिल्या उमऱ्याची ओढही मी समजू शकतो. पण तिसरा, चौथा उमरा? आणि त्याच मोहल्ल्यात फी भरता न आल्याने एखाद्या मुलीचं कॉलेज सुटत असेल तर?

कुणी म्हणेल, इबादत हा बंदा आणि अल्लाह यांच्यातला मामला आहे, तुम्ही हिशेब विचारणारे कोण? बरोबर आहे. म्हणून मी दुसऱ्याला विचारत नाही, स्वतःला विचारतो. येत्या हिवाळ्यात तिसऱ्यांदा उमऱ्याला जायचं घरात ठरत होतं. नफल इबादतीचं सवाब मोठं आहे, पण गरजवंताला शिकवणं हीही नेकीच आहे, आणि तिला ना व्हिसा लागतो ना विमान.

एक गोष्ट आणखी. शहजादीने मशीद बांधली, कारण त्या वेळी तेच तिला योग्य वाटलं असेल. आज आपल्या बहुतेक वस्त्यांत मशीद आहे. नाही ती मुलांना रात्री बसून वाचायला जागा.

संध्याकाळच्या फेरीने परत निघालो. घरी पोहोचल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "आधी मोहल्ल्यातल्या मुलींची यादी करू या." यादी सुरू केली आहे.