‘फुंतरू’ने न विचारलेला प्रश्न

मार्च २०१६. मी तेव्हा सातवीत होतो. माझा मावसभाऊ जळगावात इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला होता आणि महिनाभर त्याच्या तोंडात एकच नाव होतं, ‘फुंतरू’. मराठीत सायन्स फिक्शन, तेही इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये घडणारं! ‘शाळा’वाल्या सुजय डहाकेचा सिनेमा, केतकी माटेगावकर, मदन देवधर. ‘शाळा’ला मिलिंद बोकीलांच्या कादंबरीचा आधार होता. इथे तसं काही नव्हतं, रिमेकही नव्हता. सगळं नवं, आपलं.

पिक्चर सुटल्यावर बाहेर आलो तेव्हा दादाचा मित्र म्हणाला, “ही तर नुसती लव्हस्टोरी निघाली भो!” दादा काहीच बोलला नाही. गाडीला किक मारली आणि थेट घरी. पुढच्याच महिन्यात ‘सैराट’ आला आणि मग ‘फुंतरू’चा विषयच संपला.

मार्च २०२६ मध्ये त्याला दहा वर्षं झाली. मी तो पुन्हा पाहिला तो मात्र या हिशोबाने नाही, आमच्या वर्गात झालेल्या एका प्रकारामुळे.

सप्टेंबर २०२५ मध्ये जेमिनीवर साडीतले फोटो बनवायचा ट्रेंड आला होता, आठवतंय ना? स्वतःचा साधा फोटो टाकायचा, की शिफॉनची साडी, उडणारे केस, मागे सोनेरी ऊन. आमच्या एका मित्राने गॅदरिंगच्या ग्रुप फोटोतून वर्गातल्या एका मुलीचा चेहरा कापला, साडी नेसवली, शेजारी स्वतःला उभं केलं आणि फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकला. धडाधड इमोजी पडले. हसणारा एक माझाही होता. दहा मिनिटांनी ती ग्रुपमधून बाहेर पडली. (हे लिहू का, असं तिला विचारलं. ‘लिही, नाव नको,’ म्हणाली.)

त्या रात्री मला ‘फुंतरू’ आठवला. त्याची गोष्ट काय आहे? एका हुशार, बुजऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलाला एक मुलगी आवडते, ती त्याला मिळत नाही, म्हणून तो तिचा होलोग्राम तयार करतो. २०१६ मध्ये हे फार लांबचं वाटलं होतं. आज त्यासाठी इंजिनिअर व्हावं लागत नाही. रिचार्ज मारलेला फोन पुरतो.

म्हणजे सिनेमाच्या हातात केवढा मोठा मुद्दा होता! माणसाचा चेहरा कोणाच्या मालकीचा? ज्या मुलीने नाही म्हटलं, तिची ‘हो’ म्हणणारी कॉपी तयार करणं हे प्रेम की आणखी काही? पण सिनेमाचा जीव त्या मुलाच्या एकटेपणात अडकलाय. कॉलेजची धमाल, गाणी, मित्रांचे जोक्स, आणि होलोग्राम म्हणजे त्याच्या दुःखावरचा उतारा. पहिल्या वेळी मी निराश झालो ते यंत्रं आणि थरार कमी पडला म्हणून. या वेळी निराश झालो ते सिनेमा त्या मुलीच्या बाजूला जाऊन बसतच नाही म्हणून.

‘मराठीत बजेट नसतं हो,’ हे उत्तर मला पटत नाही. धुळ्याहून तासाभरावर मालेगाव आहे. तिथल्या नासिर शेखने हिरवं कापड लावून ‘मालेगाव का सुपरमॅन’ उडवला, आणि त्यावरची डॉक्युमेंटरी जगभर गेली. हॉलिवूडच्या ‘हर’ या सिनेमातही एकटा माणूस एका कॉम्प्युटर प्रोग्रामच्या प्रेमात पडतो. तिथे तर होलोग्रामही नाही, नुसता आवाज. पण तो आवाज त्याच वेळी हजारो लोकांशी बोलतोय हे नायकाला कळतं, तिथे आपल्याच पोटात गोळा येतो. त्या सिनेमाला २०१४ मध्ये ऑस्कर मिळालं ते मूळ पटकथेचं.

आणि पटकथेची ही रीत आपल्याला काही नवी नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. तेव्हापासून मराठी विज्ञानकथा एकच गोष्ट करत आलीय: एक ‘समजा’ घ्यायचं आणि ‘मग पुढे काय होईल?’ हे शेवटपर्यंत सोडायचं नाही. ‘फुंतरू’ने ‘समजा’ झकास घेतलं. पुढचं मध्येच सोडलं.

सिनेमाने सोडलेलं आता पोलीस आणि सरकार उचलायला बघतायत. नोव्हेंबर २०२३ मध्ये रश्मिका मंदानाचा डीपफेक व्हिडिओ फिरला. दोन महिन्यांनी दिल्ली पोलिसांनी त्यात ज्याला पकडलं, तो आंध्रातला बी.टेक. झालेला तरुण निघाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने नियमांचा मसुदा आणला: एआयने बनवलेल्या फोटो-व्हिडिओवर किमान दहा टक्के जागेत लेबल हवं, असं त्यात होतं. चांगलंय. निवडणुकीतले खोटे व्हिडिओ, नेत्यांची बनावट भाषणं यांना त्याने थोडा तरी चाप बसेल. पण आमच्या ग्रुपवर तो फोटो खोटा आहे हे सगळ्यांना माहीतच होतं. लेबल असतं तरी इमोजी तेवढेच पडले असते. खोटं काय ते लेबल सांगेल, तिला विचारलं होतं का ते नाही सांगणार.

परवा दादाला फोन केला. तो आता पुण्यात आयटीत आहे. ‘फुंतरू’ पुन्हा पाहिला म्हटल्यावर आधी हसला. मग मी वर्गातला प्रकार सांगितला. थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, “अरे, तेव्हा मला वाटलं होतं, ती पोरगी उगाच भाव खातेय.”