विश्लेषण : प्रकल्पांतील विश्वास कशावर टिकतो?

साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला. असे प्रकल्प पंचवीसेक वर्षे चालतात; तोवर सरकारे बदलतात. मग कंपनीने भरवसा कशावर ठेवायचा आणि जनतेने कशावर?

दाभोळचा धडा ताजाच आहे. एन्रॉनशी १९९३ मध्ये वीजखरेदी करार झाला, तोही स्पर्धात्मक निविदेविना. १९९५ मध्ये नव्या सरकारने प्रकल्प रद्द केला, मग पुन्हा वाटाघाटी केल्या. २००१ मध्ये महागड्या विजेची खरेदीच थांबली.

म्हणून निविदा खुली, दर जाहीर आणि देयके वेळेवर हवीत. तिसरा भागीदार म्हणजे जमीन देणारा शेतकरी. धुळे जिल्ह्यातील विखरणचे धर्मा पाटील यांनी मोबदल्यासाठी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतले. त्याला वगळून झालेला करार कागदावरच भक्कम असतो.