वैशाखातला वाफा आणि शहराची मोकळी जागा

भाजीपाल्याची बाग करावयाची झाली तर ती पावसाळ्यात करावी, फार तर हिवाळ्यात करावी, परंतु चैत्र-वैशाखात आणि तीही सोलापुरात करू पाहणे हा निव्वळ हट्ट होय, असे आमच्या नवी पेठेतील बहुतेक समंजस गृहस्थांचे मत आहे. आणि दुपारी दोनच्या सुमारास, पारा ४३-४४ अंशांपर्यंत चढलेला असताना, गच्चीवरच्या कुंडीतील भेंडीने माना टाकलेल्या ज्याने पाहिल्या आहेत त्याला हे मत सहजासहजी खोडून काढता येणार नाही. तथापि प्रस्तुत लेखात मला मांडावयाचे आहे ते नेमके याच्या उलट. शहरातील ज्या सार्वजनिक जागा कुंपणाआड ओसाड पडून असतात, त्यांपैकी काही महापालिकेने परस नसलेल्या कुटुंबांना लहान लहान वाफ्यांच्या रूपाने सालवार भाडेपट्ट्याने द्याव्यात, आणि या योजनेची परीक्षा श्रावणातल्या सुकाळात न घेता वैशाखाच्या उन्हात घ्यावी, असे माझे म्हणणे आहे. कारण सोलापुरात जो वाफा वैशाख निभावून नेतो त्याला उरलेल्या वर्षाची धास्ती बाळगण्याचे कारण राहत नाही.

नवी पेठ ही बाजाराची वस्ती. खाली कापडाची, पादत्राणांची, भांड्यांची दुकाने, वर दोन-तीन मजले राहती घरे, आणि रस्त्यावर वाहनांची अशी दाटी की एखादे रोप लावावे म्हटले तरी त्याच्यासाठी टीचभर माती सापडू नये. जुन्या वाड्यांना मागच्या बाजूस परडे असे. तिथे मोरीचे पाणी अळूला आणि केळीला जाई, वईवर घोसाळ्याचा वेल चढलेला असे, आणि कढीपत्ता विकत आणावा लागतो ही कल्पनाच कुणाच्या मनात येत नसे. वाडे गेले, त्यांच्या जागी व्यापारी संकुले उभी राहिली, आणि परड्याची जमीन वाहने उभी करण्याच्या कामी आली. याबद्दल शोक करण्यात मला स्वारस्य नाही, कारण वाड्यातील कुळांनाही चांगल्या घरात राहण्याचा हक्क होताच. परंतु ज्यांचे परडे गेले त्यांच्या हातची बागाईतही गेली, आणि ती परत यावी अशी इच्छा असणाऱ्यांना आज गच्चीवाचून दुसरा आसरा नाही. ती गच्चीही बहुधा सामाईक, आणि वैशाखात तिचा सिमेंटचा पृष्ठभाग रात्री दहापर्यंत निवत नाही.

या दिवसांतील कामाचे स्वरूप ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्यासाठी ते काहीसे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. दिवसाचा आरंभ उजाडण्यापूर्वी होतो. उन्हाळ्यातील पाणी पहाटे द्यावे, आणि तेही पानांवर न उडवता बुंध्याशी, आळे करून, सावकाश. कारण झारीने वरवर शिंपडलेले पाणी सोलापूरच्या उन्हात नऊ वाजेपर्यंत हवेत जाते आणि मुळांना त्याची वार्ताही लागत नाही. वाफ्यावर उसाच्या पाचटाचा तीन-चार बोटे जाड थर हवा, आणि ज्या जिल्ह्यात साखर कारखान्यांची एवढी गर्दी आहे तिथे पाचटाचा तुटवडा भासू नये. फडात ते पेटवून देण्यापेक्षा शहरात आणून मातीवर अंथरणे कितीतरी शहाणपणाचे. ज्यांना रोज यावयास सवड नाही त्यांनी कुंभाराकडचे कच्च्या भाजणीचे मडके गळ्यापर्यंत मातीत पुरून भरून ठेवावे. ते आपल्या अंगाने पाझरते आणि भोवतालची रोपे दोन दिवस जगवते. त्याचे तोंड मात्र झाकलेले असावे, नाहीतर आत डासांची पैदास होऊन आरोग्य खात्याचा माणूस दारात उभा राहील, आणि तेव्हा दोष त्याचा नसेल.

वाफ्याच्या पश्चिमेला शेवगा किंवा एरंड असला तर उतरत्या उन्हाची झळ अडते. एरवी हिरव्या जाळीचे अथवा जुन्या नऊवारी लुगड्याचे छत करावे लागते. पेरणीतही विवेक हवा. गवार, भेंडी, चवळी, तांबडा माठ ही या ऋतूची हक्काची पिके, आणि पूर्व भागातील पद्मशाली घरांत विचाराल तर अंबाडीवाचून वाफा पुरा होतच नाही. टोमॅटोचा हव्यास या दिवसांत धरू नये. झाड हिरवेगार दिसते, फुलेही येतात, परंतु पारा पस्तिशीपलीकडे राहिला की ती फळ न धरताच गळून पडतात, आणि माणूस खताला दोष देत बसतो. वेलवर्गाची तऱ्हा याहून नाजूक. कडक उन्हात आणि मोठ्या दिवसांत काकडी-दोडक्याच्या वेलाला नर फुलांचा बहर येतो आणि मादी फुले मोजकीच लागतात. मधमाश्याही अशा वेळी दुर्मीळ, तेव्हा नर फूल खुडून त्याचा पराग मादी फुलाला हाताने लावावा लागतो. त्यातही काकडी व कारले सकाळी उमलते, दुधी व दोडका दिवस कलल्यावर, म्हणून वेल लावणाऱ्याला दिवसाची दोन्ही टोके बागेत घालवणे प्राप्त होते. मधल्या काळात सावलीला बसून निंबोळ्या कुटाव्यात. लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर भिजवून, सकाळी गाळून तो अर्क फवारला की मावा आणि तुडतुडे यांचा बऱ्याच अंशी बंदोबस्त होतो. भेंडी मात्र एक दिवसाआड तोडलीच पाहिजे. तिला दया दाखवली की ती जून होते.

शिवाय वैशाखात काही काम न करणे हेही एक काम असते. वाफ्याचा अर्धा भाग खणून, ढेकळे पालथी करून, उघडा तापू द्यावा; हरळीच्या मुळ्या आणि किडींचे कोष त्या उन्हात मरतात. शेतकऱ्याची उन्हाळी नांगरट ती हीच, फक्त नांगराच्या जागी कुदळ. अक्षय्य तृतीयेला आळी करून भोपळ्याचे बी टोकण्याची चाल अनेक घरांत अजून आहे, आणि तिच्यामागील हिशेब पक्का आहे, कारण त्या दिवशी लावलेला वेल मृगाचा पाऊस येईतो मुळे धरून तयार असतो.

आता पाण्याचा प्रश्न, जो प्रत्येक सोलापूरकर याच क्षणी विचारणार हे मी जाणून आहे. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात भाजीला पाणी घालावयाचे कोणी आणि कोणत्या तोंडाने? उजनीच्या धरणाचा एकूण साठा ११७ टीएमसी खरा, परंतु त्यातील सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, आणि उन्हाळ्यात वर्तमानपत्रांतून 'उणे' टक्केवारी छापून येऊ लागली की पेठेतील बायाबापड्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. अशा वेळी पिण्याच्या पाण्याचा एक थेंबही वाफ्यात जाऊ नये, हे मला निर्विवाद मान्य आहे. पण हिशेब तर करून पाहू. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद वाफा म्हणजे सव्वानऊ चौरस मीटर. ऐन उन्हाळ्यात भाजीच्या पिकाला चौरस मीटरमागे दिवसाला सहा-सात लिटर पाणी लागते असे धरले, तर अशा वाफ्याची रोजची गरज सुमारे ६० लिटर होते. पाचट आणि सावली यांची नीट तजवीज केली तर त्याहून कमी. सांडपाण्याची गटारे असलेल्या शहरांसाठी पाणीपुरवठ्याचे सरकारी प्रमाण दरमाणशी रोज १३५ लिटरांचे आहे. आमच्या वाट्याला ते पुरते येवो न येवो, परंतु जे काही येते त्यातले डाळ-तांदूळ धुतलेले, भाज्या धुतलेले, कपडे अखेरच्या वेळी खळबळलेले पाणी निरपवादपणे गटारात जाते. गच्चीवरच्या वाफ्याची भूक एवढ्यावर भागते. मैदानातील वाफ्यांसाठी घरचे पाणी वाहून नेणे कोणालाही झेपणार नाही. तिथे जुन्या विहिरी उपयोगी पडतील. शहरातील कित्येक विहिरी पिण्याच्या कामातून केव्हाच बाद झाल्या आणि हळूहळू कचऱ्याने भरत चालल्या. एखादी विहीर उपसून साफ करणे आणि तिच्या भोवतालची जागा वाफ्यांसाठी आखणे, अशी सांगड घातली तर पाणी आणि जमीन दोहोंचा निकाल एकदमच लागतो. नाल्याच्या पाण्यावर पालेभाजी पिकवण्याची परवानगी मात्र कोणत्याही सबबीवर देऊ नये.

आणि ओल राखण्याची विद्या सोलापूरला बाहेरून आयात करावी लागेल अशातला भाग नाही. १९३३ च्या सुमारास तत्कालीन मुंबई इलाख्यात सोलापूर आणि विजापूर येथे कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचे काम सुरू झाले. पावसाचे पाणी जागीच कसे मुरवावे आणि मुरलेली ओल उन्हाने पळवून नेऊ नये म्हणून काय करावे, हा तेथील अभ्यासाचा विषय. 'एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी' हे आमच्या शेतकऱ्याला पाठ असलेले सूत्र कुंडीतल्या मूठभर मातीलाही तितकेच लागू पडते. वरचा थर खुरप्याने भुसभुशीत ठेवा, खालची ओल टिकेल. एवढ्या साध्या गोष्टीसाठी शहरी माणूस महागडी यंत्रे विकत घेतो, हे पाहून हसू येते.

याच जिल्ह्यात, माढे तालुक्यातील अरण या गावी, तेराव्या शतकात सावता माळी होऊन गेले. पंढरपूर याच जिल्ह्यात असूनही आपल्या मळ्यातील काम हेच ज्यांनी पूजेच्या ठायी मानले, त्यांच्या भेटीला पंढरीच्या पांडुरंगाचीच पालखी अरणला जाते. ज्या प्रांताने भाजीच्या मळ्याला हे स्थान दिले, त्या प्रांताच्या मुख्य शहरात भाजी पिकवणे ही निवृत्तांची करमणूक समजली जावी, हे मला विपरीत वाटते.

जमिनीच्या वहिवाटीबद्दल इतर देशांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये १९०८ च्या कायद्यान्वये, कोणत्याही सहा नोंदणीकृत मतदारांनी किंवा करदात्यांनी लेखी मागणी केली तर स्थानिक संस्थेला भाजीच्या तुकड्यांच्या तजविजीचा विचार करणे भाग पडते. जर्मनीत १९८३ च्या कायद्याने अशा तुकड्याचे क्षेत्र सामान्यतः ४०० चौरस मीटरांपलीकडे जाऊ नये असा दंडक घातला. आपल्याकडे एवढ्या मोठ्या तुकड्याचे स्वप्न पाहण्याचे कारण नाही. दहा बाय दहाचा वाफा पेठेतील कुटुंबाला पुरे. जागाही अगदीच नाही असे नाही. ०.४ हेक्टर व त्यावरील भूखंडाच्या रेखांकनात किमान १० टक्के क्षेत्र करमणुकीसाठी मोकळे सोडण्याची अट राज्याच्या विकास नियमावलीत आहे, आणि महापालिकेची मिळकत भाडेपट्ट्याने देण्याची तरतूद महानगरपालिका अधिनियमाच्या ७९ व्या कलमात आहे. रेखांकनातील मोकळी जागा तेथील रहिवाशांच्या उपभोगाची असल्यामुळे त्यांची संमती घेतली पाहिजे, आणि मुलांच्या खेळाच्या मैदानाला तर हातच लावता कामा नये. याउपर जी जागा उरते तिच्यावर लॉन लावून चारही बाजूंनी 'गवतावर चालू नये' अशी पाटी ठोकावी, की भेंडीचे चार वाफे करावेत, याचा निवाडा शहराने करावयाचा आहे. माझा कौल उघड आहे. लॉन पाणी तेवढेच पिते आणि देत काहीच नाही.

आक्षेपांमध्ये अतिक्रमणाचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. आज वाफा, उद्या पत्र्याची शेड, परवा त्यात भाडेकरू आणि तेरवा न्यायालयात दावा, हा क्रम आपल्या शहरांत इतका परिचित आहे की कारकुनाने फाइल दाबून ठेवली तर त्याला सर्वस्वी दोष देता येत नाही. म्हणूनच पट्ट्याच्या शर्ती आरंभापासून कडक हव्यात: मुदत अकरा महिन्यांची, पक्के बांधकाम वर्ज्य, हस्तांतर निषिद्ध, आणि लागोपाठ दोन महिने वाफा पडीक राहिला तर तो यादीतील पुढच्या अर्जदाराकडे जावा. चोरीचा आक्षेप मी फारसा मनावर घेत नाही. चार भेंड्या गेल्या तर गेल्या. आर्थिक लाभाचे म्हणाल तर तो नगण्य आहे, आणि या योजनेची भलामण करताना महागाई कमी होईल असे आश्वासन कोणी देऊ लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. लक्ष्मी मंडईतील भाजीवालीच्या धंद्याला दहा बाय दहाच्या वाफ्याने धक्का लागणार नाही. फार तर असे होईल की वैशाखात गवारीचा भाव ऐकून तिच्याशी हुज्जत घालण्यापूर्वी वाफेवाला गृहस्थ क्षणभर थबकेल, कारण पावशेर गवारीमागे किती पाणी आणि किती पहाटा जातात हे त्याला आता ठाऊक झालेले असेल.

रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास लागते आणि मृग ७ किंवा ८ जूनला. या पंधरवड्यात जो वाफा खणून तापलेला असतो तोच पहिल्या पावसाला पेरणीयोग्य ठरतो. पाऊस पडून गेल्यावर मंजुरी देण्यात अर्थ नाही. म्हणून नवी पेठ आणि भोवतालच्या पेठांतील ज्या रहिवाशांना हा विचार पटत असेल त्यांनी आपापल्या परिसरातील एखादी विहीर व तिच्या लगतची पडीक जागा हेरावी, कायद्याने बांधलेले नसलो तरी इंग्लंडच्या धर्तीवर निदान सहा मतदारांच्या सह्या गोळा कराव्यात, आणि एका जागेपुरता, एका वर्षापुरता अर्ज आयुक्तांच्या कार्यालयात रुजू करून त्याची पोच घ्यावी.